बिनटूबेची सायकल

उमाजीनं कोरी टूब विळीच्या पात्याला लावली आणि वाम मासा फाडावा तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीत चिरत नेली. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गिरजा जाळ्यातलं शेवाळ काढत बसली होती. तिचा हात थांबला.

"नवी हाय ते," ती म्हणाली.

"दिसते मले."

"मंग काऊन फाडून राह्यले?"

"पंचर होऊ नाई म्हनून."

गिरजानं यावर थोडा विचार केला. "बराबर हाय," ती म्हणाली. "घरच पाडून टाकलं, का मंग गळाचं भेव नाई."

उमाजी यावर भडकला नाही. म्हणजे तो भडकलेलाच होता. त्यावर आणखी भडकायला आत जागा नव्हती. होळीपासून तो एकाच रागावर जगत होता आणि तो राग त्याला जेवणापेक्षा जास्त मानवला होता.

गोंडपिपरीकडच्या आपल्या गावच्या तलावातला मासा सायकलवर घालून, वैनगंगेचा पूल ओलांडून, मुलचेऱ्याच्या अलीकडे असलेल्या बंगाली निर्वासितांच्या कॅम्पात नेऊन विकायचा, हा उमाजीचा बारा वर्षांचा धंदा. जवळचे बाजार सोडून इतक्या लांब जायचं कारण एकच. आपल्याकडचा माणूस मासा घेताना भाव विचारतो. बंगाली माणूस कल्ला उचलून बघतो आणि मासा पाण्यातून किती वाजता बाहेर आला ते सांगतो. उमाजीच्या माशाची अशी कदर त्याच्या सासऱ्यानंही कधी केली नव्हती.

आणि मग होळीनंतरच्या त्या बुधवारी बाभळीचे दोन काटे, बांबूची एक काडी आणि लच्छूनं आदल्या दिवशीच लावलेलं एक ठिगळ, असे चौघे मिळून उमाजीला आडवे आले. लच्छू म्हणजे फाट्यावरचा पंचरवाला. कॅम्पात पोचायला दुपारचा एक वाजला. तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, मिथुन मंडलच्या, आईनं एका माशाचा कल्ला उचलला, खाली सोडला आणि काही न बोलता नेहमीसारखी सगळी टोपली ठेवून घेतली. उमाजी पाणी प्यायला, हात धुवायला घरामागं गेला, तर तिथं बदकं त्याचे मासे खात होती.

म्हातारीनं शिवी दिली असती तर उमाजीनं उलटी दिली असती आणि फिटमफाट झाली असती. पण तिनं शिवी दिली नाही. ती जी दिली नाही, ती उमाजीच्या छातीत अडकून बसली. त्यानंतर कॅम्पात आंध्राकडून बर्फातल्या मासळीचा ट्रक येऊ लागला. सोमवारी आणि गुरुवारी, घड्याळ लावून.

अशात मिथुनचा निरोप आला. धाकट्या भावाचं लग्न आहे, चार किलोचा रोहू पाहिजे, लग्नाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत. त्यांच्यात लग्नाच्या सकाळी नवऱ्याघरून नवरीकडं हळद जाते आणि हळदीच्या पुढं एक अख्खा रोहू जातो, कपाळाला शेंदूर लावून, नाकात नथ घालून, नवरीसारखा नटवलेला. मासा आधी, बाकी सगळं मागून. निरोप आणणाऱ्यानं हे सारं रंगवून सांगितलं. उमाजीनं त्यातलं एवढंच ऐकलं की आपल्याला आणखी एकदा बोलावलं आहे. आणि हेही ऐकलं की तिसऱ्यांदा बोलावणार नाहीत.

बिनटूबेचं चाक त्यानं मोहर्लीला पाहिलं होतं. तिथं त्याची बहीण दिलेली. वाघ पाहायला आलेल्या एका नागपूरच्या गाडीच्या चाकातून ड्रायव्हरनं चार बोटं लांब खिळा उपसला, भोकात चिकट दोरीसारखं काहीतरी कोंबलं आणि चाक न खोलता गाडी हाकून नेली. "टूबच नाई आत," ड्रायव्हर म्हणाला होता. उमाजीला त्या वेळी वाघ दिसला असता तरी त्यानं तिकडं पाहिलं नसतं.

"त्या गाडीचा टायर अलग राह्यते," गिरजा आता म्हणाली. "तेथी कारखान्यातले इंजिनेर बसते."

"डोंगा गळते तवा कोन्ता इंजिनेर येते?"

गिरजानं जाळं पुन्हा पुढं ओढलं. डोंग्याची, म्हणजे लाकडी नावेची, भेग कशी बुजवायची हे ढिवराच्या पोराला पोहण्याआधी कळतं. धावड्याचा डिंक, भाताचा बारीक कोंडा, दोन्ही कालवून चोपडायचं. पाणी आत शिरू लागलं की तेच त्या लगद्याला भेगेत ओढून नेतं. उमाजीचा हिशोब सरळ होता. डोंग्यात पाणी बाहेरून आत येतं, चाकातून हवा आतून बाहेर जाते. भोकाला दिशा कळत नाही.

लहान पोराच्या सायकलची टूब घेतली, चिरली, पट्ट्यासारखी उघडून मोठ्या रिंगवर ताणून बसवली. हवा भरायचा वाल आपल्या जागी राहिला. वरून टायर चढवला, कडेनं बाहेर आलेलं रबर सुरीनं छाटलं. मग आत ओतायचा लगदा. नुसता डिंक सुकतो आणि तडकतो. त्याला ओला ठेवायला काहीतरी पाहिजे. घरात त्या दिवसांत मोहफुलांचे ढीग पडलेले. उमाजीनं फुलं उकळून त्यांचा काकवीसारखा पाक केला, त्यात डिंक आणि कोंडा घोटला आणि दोन्ही चाकांत ओतला.

पहिल्या दिवशी हवा गेली. दुसऱ्या दिवशी हवा गेली आणि उमाजीनं पंप उचलून विहिरीकडं फेकला. तो गिरजानं काढून आणला. तिसऱ्या दिवशी कोंडा वाढवला आणि चाकानं धरलं. उमाजी सायकल घेऊन थेट लच्छूच्या दुकानापुढं गेला, बाभळीची फांदी रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यावरून सायकल चालवली. मग खाली उतरून एक एक काटा उपसला. प्रत्येक भोकातून तपकिरी थेंब आला, फुसफुसला आणि जागीच थिजला. लच्छू स्वतःची तेरवी पाहावी तसा पाहत राहिला.

"वास कायचा येऊन राह्यला बा?" एवढंच त्यानं विचारलं.

वास खरा होता. वैशाखाच्या उन्हात मोहाचा पाक आतल्या आत आंबत होता. आठव्या दिवशी गिरजानं सायकलला टेकवलेला हात नाकाशी नेला. "अजी, हे सायकल पेऊन आली का कुठी?"

"वासानं पंचर होत नाई," उमाजी म्हणाला आणि विषय संपवला.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी त्यानं रोहू काढला. चार किलोला पावभर वरच. ओलं गवत, ओलं पोतं, त्यात मासा, वर आणखी गवत. मागच्या कॅरिअरला बांधून तो निघाला. वाटेत काटे होते. त्यानं ते चुकवले नाहीत. पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात शिरला तेव्हा साडेसात वाजले होते. अजून सोळा किलोमीटर. होळीनंतर पहिल्यांदा त्याला शीळ घालावीशी वाटली, आणि तेवढ्यात नाका आला.

हा जिल्हा दारूबंदीचा. नदीच्या अलीकडं दुकानात मिळते ती बाटली पलीकडं गुन्हा. त्यामुळं पुलावरून दारू नाना वेष घेऊन जायची. दुधाच्या कॅनमध्ये, भोपळ्यात, आणि सगळ्यात जास्त सायकलच्या टूबेत. नाक्यावर एक हवालदार आणि एक शिपाई असायचे. शिपायानं उमाजीचं पोतं उचकलं, मासा पाहिला, पोतं झाकलं. मग वाकलेला तसाच थांबला आणि त्यानं मागच्या चाकाचा वास घेतला. मग पुढच्या चाकाचा.

"साहेब," त्यानं आत हाक दिली. "टूबेत माल आहे."

"माह्या सायकलले टूबच नाई," उमाजी म्हणाला.

हवालदार बाहेर आला. तो घाटाकडून बदलीवर आलेला, शांत, धीमा माणूस. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि ते मोती वेचणारं कोणी दोन वर्षांत या नाक्यावर फिरकलं नव्हतं.

"टूब नाही?" त्यानं विचारलं.

"नाई. काढून टाकली."

"का काढली?"

"पंचर होते म्हनून."

हवालदारानं चाक दाबून पाहिलं. टणक होतं. त्यानं वालची टोपी काढून खिळ्यानं दाबली. फुस्स करून हवा आली आणि तिच्याबरोबर मोहाचा असा काही भपकारा आला की समोरच्या टपरीवरचा देवाजी चहावाला किटली ठेवून उठला.

"म्हणजे टूबेत भरत नाहीस," हवालदार सावकाश म्हणाला. "डायरेक्ट टायरमध्ये भरतोस."

उमाजीनं पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. डिंक, कोंडा, मोह, डोंगा. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगितलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज पुलापर्यंत गेला. हवालदार तिन्ही वेळा सारख्याच लक्षानं ऐकत होता. मग त्यानं आतून कोरा कागद, कार्बन आणि लाकडी पाट मागवला.

"पंचनामा करू."

"साहेब, मासा हाय संगं. नवाच्या आत पोचाचा हाय. लग्नाचा हाय."

"मासा मेलेला आहे ना?"

"मेला हाय. पन आता ताजा मेला हाय. नवानंतर शिळा मेलेला होईन."

हवालदारानं हे लिहून घेतलं नाही. त्यानं लिहिलं, 'एक काळ्या रंगाची पुरुषी सायकल, चालू स्थितीतील, दोन्ही चाकांत पुरेपूर हवा असलेली,' आणि काना-मात्रा तपासत बसला. पंच म्हणून देवाजीला बोलावलं. दुसरा पंच मिळेना. रस्त्यानं बकऱ्या घेऊन चाललेल्या एकाला थांबवलं. बकऱ्या रस्त्यात बसल्या आणि तो नाइलाजानं कायद्याचा साक्षीदार झाला. उमाजी मधल्या वेळात रांजणातलं पाणी तांब्यानं आणून पोत्यावर शिंपडत होता. प्रत्येक तांब्याला तो काहीतरी पुटपुटत होता. ते पंचनाम्यात यायला हवं होतं, पण हवालदारानं सभ्यपणानं वगळलं.

"पुढचं चाक खोला," हवालदार म्हणाला.

"खोलू नका," उमाजी म्हणाला. "खोलला तर बसवता बसवता नऊ वाजून जातीन. साहेब, मी हात जोडतो." हात जोडताना त्याच्या मुठी वळलेल्याच होत्या.

शिपायानं टायर उचकटला. हवा गेली, टायर लुळा पडला, आणि तपकिरी लगदा डांबरावर ओघळला. त्याकडं सगळे बघत राहिले. बकऱ्याही.

"हे काय आहे?" हवालदारानं देवाजीला विचारलं. "तू इथला आहेस. ओळख."

देवाजी उकिडवा बसला. त्यानं एक बोट बुडवलं, आधी हुंगलं, मग जिभेला लावलं. डोळे मिटले. मग बाजूला वळून थुंकला.

"दारू नोहे, साहेब."

"मोहाचा सडवा तरी? गाळायच्या आधीचा सडवा असला तरी गुन्हा लागतो."

"सडवा असता तर मी थुकलो असतो का?"

हा पुरावा हवालदाराला पटला. तो पटेपर्यंत नऊ वाजून दहा मिनिटं झाली. मग मागचं चाकही खोललं गेलं, कारण पंचनाम्यात दोन्ही चाकं होती आणि एकाची तपासणी करून दुसऱ्याला सोडणं नियमात बसत नव्हतं. त्यातूनही तेच निघालं. देवाजीनं तेही चाखलं, कारण तो पंच होता.

सायकल पंचनाम्यात अडकली होती; उमाजी तिच्यासाठी थांबला नाही. त्यानं पोतं सोडून काखेत मारलं, मासा खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. सोळा किलोमीटर. शिपाई मागं धावला. "सही झाल्याशिवाय जाता येत नाही." उमाजी थांबला तो शिपायामुळं नाही. समोरून मोटारसायकलवर मिथुन मंडल येत होता, नवी गंजी, कपाळाला हळद लागलेली.

"उमाजीदा," तो उतरत म्हणाला. "हम कबसे वाट पाहून राह्यले." मग त्यानं नाका पाहिला, दोन लुळे टायर पाहिले, डांबरावरचा लगदा पाहिला, आणि पुढं काही विचारलं नाही. नाक्यावर माणसाला काही विचारू नये हे त्याच्या घरात फार जुनं ज्ञान होतं. त्यानं माशाच्या कल्ल्याखाली बोट घातलं, उचललं. आत लालभडक होतं.

"एक नंबर," तो म्हणाला. "आज पहाटचा."

"टाइम गेला का बा?"

"नाय नाय. हल्दी टाइमवर गेली. ठीक नऊला."

"मासा?"

मिथुननं कल्ला हळूच खाली सोडला. "ट्रकवाल्याचा एक घेऊन ठेवला होता. आई म्हणाली, असू दे एक घरात. रस्ता लंबा आहे, माणूस येईल, न येईल."

"ठेवला होता. कवा?"

"काल सांजेला."

उमाजीनं मासा खांद्यावरून उतरवला. तो उतरवताना त्यानं डोकं आणि शेपूट दोन्ही सांभाळलं, जमिनीला काही लागू दिलं नाही.

"हा पण नेतो," मिथुन घाईनं म्हणाला. "जोडी होईल. आमच्यात जोडी अच्छी असते, शुभ असते." तो इतक्या मायेनं बोलला की ते कदाचित खरंही असेल. त्यानं मासा पोत्यात घालून टाकीवर आडवा घेतला. "चल, मागं बस. जेवूनच जा. आई विचारेल."

"सायकल हाय माही इथी."

"सायकल मग घेऊ."

"तू जाय बा. हळद उतरून जाईन तुही."

मिथुननं गाडीला किक मारली आणि तो गेला. मोटारसायकलच्या टाकीवरून माशाची शेपटी बाहेर आली होती आणि वळणापर्यंत दिसत होती. ती वळणाआड गेल्यावर उमाजी माघारी फिरला. देवाजीनं पुढं केलेला चहाचा कप त्यानं घेतला आणि न पिता टपरीच्या फळीवर ठेवला.

"आना तो कागद," तो हवालदाराला म्हणाला.

हवालदारानं आनंदानं कागद पुढं केला. वरच्या बाजूला पंचनामा, खाली सुपूर्तनामा: वरील वर्णनाचा माल जसाच्या तसा परत मिळाला, तक्रार नाही. उमाजी चौथीपर्यंत शिकला होता. तो पाटाशी बसला आणि बोट ठेवून एक एक अक्षर वाचू लागला. असं वाचणारा माणूस हवालदाराला दोन वर्षांत भेटला नव्हता. तो जवळ सरकला.

"'दोन्ही... चाकांत... पुरेपूर... हवा... असलेली,'" उमाजीनं वाचलं. बोट तिथंच ठेवून वर पाहिलं. "कुठी हाय?"

"काय?"

"हवा."

हवालदारानं सायकलकडं पाहिलं.

"तुमीच लिहेल हाय साहेब, चांगल्या अक्षरात. जसाच्या तसा परत मिळाला. मले नाई मिळाला. मी सही कराची कशी?"

"अरे, तू कर सही आणि जा. ती हवा काय..."

"मी खोटी सही करू? पोलिसायच्या कागदावर?"

बकरीवाल्यानं मान डोलावली. तोही पंच होता आणि त्याचाही दिवस गेलाच होता. हवालदार शिपायाकडं पाहू लागला, शिपाई कागदाकडं. पुसता येत नव्हतं. खाली कार्बन होता. सही नाही तर सुपूर्तनामा नाही, सुपूर्तनामा नाही तर सायकल नाक्यावर जमा, आणि जमा मालाचा जाब वरच्या ऑफिसला.

शेवटी शिपाई पंप घेऊन आला. त्यानं टायर रिंगवर चढवला, लगदा ओंजळीनं भरला आणि पंप मारायला लागला. हवा एका बाजूनं जात होती आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होती. थोड्या वेळानं हवालदारानं टोपी काढून पाटावर ठेवली, बाह्या सारल्या आणि टायर दोन्ही हातांनी दाबून धरला. त्याच्या मोत्यासारख्या अक्षराच्या बोटांना मोहाचा चिकटा लागला.

"धरत का नाही हे?" त्यानं विचारलं. विचारण्यात हुकूम नव्हता.

टायरच्या कडेला साबणाचं पाणी फिरवलं की तो सरकून जागेवर बसतो आणि दोन मिनिटांत धरतो, हे उमाजीला ठाऊक होतं. साबणाची वडी रांजणाच्या कडेवर पडली होती. तिथून सहा पावलांवर.

त्यानं पाय लांब केले आणि भिंतीला पाठ टेकली.

"जोर कमी पडून राह्यला," तो म्हणाला. "आरामात होऊ द्या, साहेब. मले कुठी जायाचं नाई."